देवराई जपायला निघालात? या चुका टाळा

काळकाई, वाघजाई, सोमजाई अशा ग्रामदेवींच्या नावाने राखलेल्या जंगलांमध्ये, म्हणजे देवरायांमध्ये, आता शहरातूनही गट येतात, श्रमदान करतात. हेतू चांगला असतो, पण कितीतरी नुकसान याच श्रमदानात होतं.

सगळ्यात घातक चूक झाडलोटीची. पाचोळा गोळा करून पेटवायचा, पडलेले ओंडके बाहेर काढायचे, वेली छाटायच्या, की राई स्वच्छ झाली! जुना दंडक याच्या अगदी उलट: राईतली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही. धाक देवाचा असला तरी लाभ जंगलाचाच. घाटातल्या बऱ्याच झाडांच्या बिया साठवून टिकत नाहीत. जांभळाची बी वाळली की लवकरच मरते, तिला ओलसर पाचोळ्यातच रुजायचं असतं. पोकळ झाड धोक्याचं म्हणून पाडलंत तर धनेश पक्ष्याची ढोली, म्हणजे घरट्याची पोकळी, जाते. विणीत मादी अशाच ढोलीत स्वतःला कोंडून घेते, आणि मोठ्या बियांची फळं खाऊन त्या बिया दूरवर टाकणारे पक्षी मुळातच मोजके. गारंबीच्या वेलीला तर हातच लावू नका. मांडीएवढी जाड व्हायला तिला कित्येक वर्षं लागतात.

राई विरळ दिसली की खड्डे खणून रोपं लावायची घाईही नको. रोपवाटिकेत सहज मिळतात म्हणून ग्लिरिसिडिया, ऑस्ट्रेलियन बाभूळ, गुलमोहर आणले जातात. देवराईत त्यांचं काहीच काम नाही. आधी गुरांची वाट बंद करा आणि दोन-तीन पावसाळे थांबा. उगवायचं ते बहुतेक आपसूक उगवतं. तरीही लावायचंच असेल तर कडेला लावा, त्याच राईच्या बियांपासून, आणि ऊन सोसणारे ऐन, किंजळ आधी.

घाणेरी, रानमोडी ही बाहेरून आलेली झुडुपी तणं एका दमात उपटू नका. मोकळ्या उन्हात ती दुप्पट जोमाने परत येतात. फुलण्याआधी, पट्ट्या-पट्ट्यांनी, मुळासकट काढा.

आता अवघड विषय, देऊळ. शहरात नोकरीला गेलेल्या चाकरमान्यांची वर्गणी जमली की जुनी घुमटी, म्हणजे छोटं देऊळ, पाडून स्लॅब, फरशी, सभामंडप आणि ट्रक जाईल असा रस्ता. त्यासाठी मधली झाडं जातात, मग मोकळ्या जागेतून वारा शिरतो आणि कडेची उंच झाडं पुढच्या वादळात आडवी होतात. झऱ्याला सिमेंटचं टाकं बांधलं की पाझर कोंडण्याची भीती वेगळीच. जीर्णोद्धाराला विरोध करून गावात भांडण ओढवून घेण्यात अर्थ नाही. मंडप राईबाहेर घ्या, एवढा आग्रह धरा. कित्येक ठिकाणी देवाला छप्पर चालत नाही अशी श्रद्धा आहे, ती जुन्या माणसांकडून जाहीरपणे वदवून घ्या. गुरव, मानकरी, गावकर यांना डावलून परस्पर काम सुरू केलंत तर पुढच्या वर्षी तुम्हाला कुणी राईत पाय ठेवू देणार नाही. जिथे कौल लावायची, म्हणजे देवाची परवानगी विचारायची, रीत आहे तिथे कौल लावूनच पुढे जा.

आणि कागद. राई 'देवाची' आहे यावर विसंबू नका, सातबारा काढा. जमीन बऱ्याचदा शासनाच्या, वनखात्याच्या किंवा चक्क खासगी नावावर निघते. जैवविविधता कायदा 2002 नुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत राईची हद्द, झाडं, झरे आणि न तोडण्याचे नियम लिहून घ्या. ग्रामसभेचा ठरावही करून टाका.