सामायिक फाइल सिस्टिम असलेल्या सोलारिस झोनचा बॅकअप कसा घ्यावा

सोलारिस कार्यप्रणालीच्या एका यंत्रावर वेब, मेल आणि अहवाल असे तीन झोन (एकमेकांपासून वेगळे ठेवलेले कक्ष) चालत असतील आणि तिघेही एकाच डिरेक्टरीवर काम करत असतील, तर बॅकअपचा आदेश टंकण्याआधी त्या डिरेक्टरीचा मालक ठरवावा लागतो. मालक ठरलेला नसला की बॅकअपमध्ये तिच्या तीन प्रती जातात किंवा एकही जात नाही, आणि हे दोन्ही प्रकार बहुधा पुनर्स्थापनेच्या वेळीच उघडकीस येतात. म्हणून पुढील सर्व पद्धतीचा पाया एकच आहे: सामायिक डिरेक्टरीचा बॅकअप ग्लोबल झोनमधून (इतर सर्व झोन सांभाळणाऱ्या मुख्य प्रणालीतून), तिच्या मूळ ठिकाणाहून, एकदाच घ्यावा आणि प्रत्येक झोनच्या बॅकअपमधून ती वगळावी.

सोलारिस १० मध्ये २००५ साली झोन आले, तेव्हापासून ग्लोबल झोनमधील एखादी डिरेक्टरी इतर झोनना दाखवण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे लूपबॅक फाइल सिस्टिम, म्हणजेच लोफ्स. तिच्यात माहितीची नवी प्रत तयार होत नाही. तीच डिरेक्टरी झोनच्या आतील एका माउंट-बिंदूवर, म्हणजे जोडणीच्या जागी, दिसू लागते. मात्र हे माउंट झोन सुरू होताना जोडले जाते आणि झोन बंद झाला की सुटते. झोन चालू असताना ग्लोबल झोनमधून त्याच्या झोनपथाखालील (झोनच्या फाइली जेथे असतात त्या मार्गाखालील) रूट डिरेक्टरीत शिरणारे साधन लोफ्समधूनही चालत जाते आणि सामायिक माहिती उचलते, तर झोन बंद असताना त्याच साधनाला त्याच जागी रिकामी डिरेक्टरी मिळते. सामायिक डिरेक्टरी २०० जीबीची असेल, तर तिन्ही झोन चालू असलेल्या रात्री ती ६०० जीबी म्हणून मोजली जाते आणि तिन्ही बंद असलेल्या रात्री शून्य. बॅकअपचा आकार एका रात्रीत असा निम्म्याहून खाली आला, तर डिस्कवर संशय घेण्याआधी त्या वेळी कोणते झोन बंद होते ते पाहावे.

पहिली पायरी यादी करण्याची आहे. झोन चालवण्या-थांबवण्याच्या झोनएडीएम आदेशाच्या लिस्ट उपआदेशाने सर्व झोन, त्यांची स्थिती आणि झोनपथ मिळवावेत. त्यानंतर प्रत्येक झोनसाठी झोनसीएफजी या मांडणीच्या आदेशात इन्फो देऊन फाइल सिस्टिमच्या नोंदी पाहाव्यात आणि चार गोष्टी टिपून ठेवाव्यात: ग्लोबल झोनमधील मूळ मार्ग, झोनमधील माउंट-बिंदू, फाइल सिस्टिमचा प्रकार, आणि माउंट केवळ वाचनासाठी आहे की लिहिण्यासाठीही. माउंटची यादी देणारा डीएफ आदेश एरवी फक्त तो ज्या झोनमध्ये दिला त्याच झोनमधील माउंट दाखवतो. त्याला कॅपिटल झेड हा पर्याय दिला की ग्लोबल झोनमधून सर्व झोनमधील माउंट दिसतात, आणि लिहिलेली यादी प्रत्यक्षाशी ताडून पाहता येते. एकच मूळ मार्ग दोन झोनच्या नोंदींत आढळला, की तो सामायिक समजावा.

सोलारिस १० वरील स्पार्स-रूट झोनमध्ये लिब, प्लॅटफॉर्म, एसबिन आणि यूएसआर या डिरेक्टऱ्या ग्लोबल झोनकडून केवळ वाचनासाठी येतात. त्या झोनच्या बॅकअपमध्ये घेऊन उपयोग नाही, कारण झोनच्या आतून त्या परत लिहिताच येत नाहीत. त्यांची जबाबदारी ग्लोबल झोनच्या बॅकअपची. सोलारिस ११ मध्ये स्पार्स-रूट प्रकारच नाही, त्यामुळे तेथे हा मुद्दा उरत नाही.

झोनची मांडणी वेगळी जपावी. झोनसीएफजीच्या एक्सपोर्टने प्रत्येक झोनची व्याख्या मजकुराच्या फाइलमध्ये काढता येते. ही फाइल काही ओळींचीच असते, पण ती नसेल तर कोणती डिरेक्टरी कोठे जोडली होती हे आठवणीतून जुळवत बसावे लागते. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये ही पायरी सर्वांत आधी ठेवावी.

झोन यूएफएस या जुन्या फाइल सिस्टिमवर असतील, तर फाइलवार बॅकअप हा सरळ मार्ग आहे. शक्य असेल तेव्हा झेडलॉगिनमधून, म्हणजे ग्लोबल झोनमधून झोनमध्ये शिरण्याच्या आदेशातून, झोन व्यवस्थित बंद करावा, म्हणजे अर्धवट लिहिलेल्या फाइलींचा प्रश्न राहत नाही. मग ग्लोबल झोनमधून फाइंड आदेशाने झोनपथाची यादी काढून ती फाइली एकत्र बांधणाऱ्या सीपीआयओला द्यावी. फाइंडमध्ये लोफ्स प्रकार आढळताच खाली न उतरण्याची प्रून अट घालावी आणि लोकल ही अटही ठेवावी, म्हणजे एनएफएसवरील (नेटवर्कवरून जोडलेली) माहिती वगळली जाते. झोन बंद असताना प्रूनची अट अनावश्यक वाटते, तरीही ती काढू नये, कारण एखाद्या रात्री झोन बंद व्हायचे राहून गेले तर तीच आपल्याला वाचवते. सामायिक डिरेक्टरीचा बॅकअप हे वेगळे काम म्हणून, तिच्या मूळ मार्गावरून चालवावे. झोनच्या आत बॅकअपचा एजंट बसवलेला असेल, तर त्याच्या वगळण्याच्या यादीत आपण टिपलेले माउंट-बिंदू घालावेत. असे एजंट लोफ्सला साध्या डिरेक्टरीसारखे वागवतात असेच धरून चालावे.

झेडएफएस या नव्या फाइल सिस्टिमवर काम बरेच सुकर होते, पण एक गैरसमज येथे नेहमी आढळतो. रिकर्सिव्ह स्नॅपशॉट (एका क्षणाचे गोठवलेले रूप) हा दिलेल्या डेटासेटचा (झेडएफएसमधील एका फाइल सिस्टिमचा) आणि त्याच्या खालच्या डेटासेटचा असतो. लोफ्सने जोडलेली डिरेक्टरी दुसऱ्या डेटासेटवर असेल, तर झोनच्या स्नॅपशॉटमध्ये ती नसते. म्हणजे यूएफएसवर जो धोका तिप्पट प्रतींचा, तोच येथे गैरहजेरीचा होतो. माझ्या मते सर्व झोनचे डेटासेट आणि सामायिक डेटासेट एकाच पालक डेटासेटखाली ठेवणे उत्तम. पालकावर घेतलेला रिकर्सिव्ह स्नॅपशॉट सर्वांचा एकाच क्षणाचा असतो, त्यामुळे मेल झोनमधील नोंद आणि सामायिक डिरेक्टरीतील तिची फाइल यांच्यात वेळेची फट पडत नाही. त्यानंतर झेडएफएस सेंडने, कॅपिटल आर हा पर्याय देऊन, तो स्नॅपशॉट प्रवाहाच्या रूपात दुसऱ्या यंत्राकडे किंवा पूलकडे (डिस्कच्या गटाकडे) पाठवावा. त्याच पूलमध्ये राहिलेल्या स्नॅपशॉटला बॅकअप म्हणू नये. वाढीव प्रवाह (फक्त आधीच्या स्नॅपशॉटनंतरचे बदल) पाठवायचा असेल, तर आधीचा स्नॅपशॉट दोन्ही बाजूंना टिकून असावा लागतो. जागा मोकळी करताना तोच उडवला, की पुन्हा पूर्ण प्रत पाठवणे आले.

झोनकडे सोपवलेला डेटासेट, म्हणजे ज्याचा झोन्ड गुणधर्म ऑन आहे असा, ग्लोबल झोनमध्ये माउंट होत नाही. झोन बंद असताना फाइलवार बॅकअपचे साधन तेथे पोहोचत नसले, तरी नावाने स्नॅपशॉट आणि सेंड करता येतात.

स्नॅपशॉट कितीही नेमक्या क्षणाचा असला, तरी चालू डेटाबेसच्या दृष्टीने तो अचानक वीज गेल्यासारखा असतो. डेटाबेसची स्वतःची बॅकअप-स्थिती किंवा त्याचा डंप (माहितीची फाइलमध्ये काढलेली प्रत) स्नॅपशॉटपूर्वी झेडलॉगिनमधून घेण्याची व्यवस्था करावी.

पुनर्स्थापनेत चुका महाग पडतात, म्हणून तेथे क्रम मोडू नये. समजा, अहवाल झोन बिघडला आणि त्याचा कालच्या रात्रीचा बॅकअप परत आणायचा आहे. त्या बॅकअपमध्ये सामायिक डिरेक्टरीही आली असेल आणि झोन चालू असताना तो जसाच्या तसा परत लिहिला, तर वेब आणि मेल झोनच्या आजच्या फाइलींवर कालच्या फाइली बसतात, आणि तेथे तर काहीच बिघडलेले नव्हते. झोन बंद ठेवून तेच केले, तर फाइली माउंट-बिंदूच्या खालच्या डिरेक्टरीत उतरतात, झोन सुरू होताच लोफ्स त्यांना झाकतो, आणि कोणालाही न दिसणारी २०० जीबी जागा अडकून पडते.

यासाठी सामायिक डेटा हवा असेल तर तो आधी, ग्लोबल झोनमध्ये, मूळ मार्गावर आणावा. तूर्त हवा नसेल तरी तो मार्ग अस्तित्वात आहे याची खात्री करावी, कारण नोंदीतील मूळ डिरेक्टरी सापडली नाही तर झोन सुरूच होत नाही. मग एक्सपोर्ट केलेल्या फाइलवरून झोनची व्याख्या परत तयार करावी; यंत्र नवे असेल तर नेटवर्क इंटरफेस आणि उपकरणांची नावे त्याआधी बदलून घ्यावीत. त्यानंतर झोनची स्वतःची माहिती आणावी आणि शेवटी झोन सुरू करावा. चालू झोनच्या रूटमध्ये ग्लोबल झोनमधून लिहिणे टाळावे: झोनमधील संपूर्ण मार्गाची सिंबॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारी नोंद) ग्लोबल झोनच्या रूटपासून उलगडते, आणि झोनसाठीची फाइल ग्लोबल झोनच्या ईटीसी या मांडणीच्या डिरेक्टरीमध्ये जाऊन बसू शकते. झेडएफएसचा प्रवाह त्याच यंत्रावर तपासणीसाठी उतरवताना रिसीव्हला यू हा पर्याय द्यावा. प्रवाहाबरोबर माउंटपॉइंट गुणधर्मही येतो, आणि उतरवलेला डेटासेट लगेच माउंट होऊ लागला तर तो मूळ जागेवर हक्क सांगतो.

तपासणीसाठी महिन्यातून एकदा एक झोन वेगळ्या नावाने आणि वेगळ्या झोनपथावर उभा करावा, त्याच्या मांडणीत सामायिक डिरेक्टरीच्या जागी तिची परत आणलेली प्रत जोडावी, आणि फाइलींची संख्या मूळ डिरेक्टरीच्या त्याच क्षणाच्या स्नॅपशॉटशी ताडून पाहावी.