१०० सीसीच्या मोटारसायकलवरून ओव्हरटेक कसे करावे

१०० ते ११० सीसीच्या मोटारसायकलच्या इंजिनात साधारण ८ अश्वशक्ती असते, आणि तीही इंजिन मिनिटाला साडेसात-आठ हजार फेऱ्या घेत असेल तेव्हाच पूर्णपणे हाती येते. चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० च्या वेगाने निवांत जात असताना एकदम मूठ पिळली, तर गाडीचा आवाज वाढतो पण वेग वाढायला बराच वेळ लागतो. मोठ्या इंजिनाच्या गाडीवर उजवीकडे निघाल्यावरही वेग घेता येतो. आपल्या गाडीवर मात्र ओव्हरटेकचा निर्णय आणि त्यासाठी लागणारा वेग या दोन्ही गोष्टी पुढच्या वाहनाच्या मागे असतानाच तयार असाव्या लागतात.

दुपदरी रस्त्यावर पुढचा ट्रक ताशी ५० ने चालला आहे आणि आपण ६५ ने जाऊ शकतो, असे धरू. फरक १५ चा, म्हणजे सेकंदाला जेमतेम चार मीटर. ट्रकची लांबी १० मीटर, निघताना मागे १५ मीटर आणि परत डावीकडे येताना पुढे १५ मीटर अंतर धरले, तर ४० मीटर कापायला १० सेकंद लागतात. या १० सेकंदांत आपण १८० मीटर पुढे जातो आणि समोरून ताशी ८० ने येणारी कार २२० मीटर जवळ येते. म्हणजे निघतानाच ४०० मीटर रस्ता रिकामा हवा. थोडी शिल्लक ठेवायची तर अर्धा किलोमीटर. एवढे अंतर नजरेने ओळखण्याचा सराव मी रस्त्याकडेच्या दर २०० मीटरच्या छोट्या दगडांवरून केला. जिथे ते दगड शाबूत आहेत तिथे असे अडीच टप्पे मोकळे दिसतात का, हे काही दिवस नुसते पाहत जावे. आपला अंदाज नेहमी जास्तीचा असतो, हे तेव्हा कळते.

हे अंतर दिसण्यासाठी पुढच्या वाहनाला चिकटून चालता कामा नये. ट्रकच्या फाळक्यापासून पाच मीटरवर असलेल्या माणसाला फाळक्याशिवाय काही दिसत नाही. तोच २५-३० मीटर मागे आणि आपल्या बाजूच्या उजव्या भागात राहिला, तर समोरचा रस्ताही दिसतो आणि ट्रकचालकाला आरशात आपणही दिसतो. याच मोकळ्या जागेचा दुसरा उपयोग वेग घेण्यासाठी होतो. रस्ता मोकळा होण्याची चिन्हे दिसताच चौथ्यातून तिसरा गिअर टाकावा, आरशात आणि मान वळवून उजवीकडे मागे पाहावे, इंडिकेटर द्यावा, दिवसा हॉर्न आणि रात्री डिपर द्यावा, आणि आपल्याच बाजूला असताना वेग वाढवत आणावा. समोरचे शेवटचे वाहन निघून गेले की तयार वेगानिशी बाहेर पडावे, नाही गेले तर मूठ सोडून पुन्हा मागे राहावे. डबल सीट असताना किंवा मागे सामान बांधलेले असताना लागणारे अंतर दीडपट धरावे.

पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे थांबण्याचा प्रसंग रोजचा असतो. ट्रॅक्टर हळू चालतो म्हणून तो सोपा वाटतो, पण दोन ट्रॉल्यांसह त्याची लांबी ट्रकपेक्षा जास्त भरते, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो आणि मागची ट्रॉली खड्ड्यागणिक झोके घेते. काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका संध्याकाळी, कऱ्हाडजवळ, अशाच दोन ट्रॉल्यांच्या मागून मी चौथ्या गिअरमध्येच बाहेर पडलो. पहिल्या ट्रॉलीशी पोहोचेपर्यंत गाडीने वेग धरलाच नाही आणि समोरून एसटी आली. ब्रेक दाबून मागे येताना उसाचे वाढे हेल्मेटच्या काचेवर सपासप घासले, त्याचा आवाज अजून कानात आहे. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून ट्रॅक्टरशी किमान दीड मीटर आडवे अंतर मिळत नसेल, तर मी निघत नाही. ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात गाणी लागलेली असतील, तर चालकाला आपला हॉर्न ऐकू गेलेला नाही असेच समजावे. शेताकडे जाणारा कच्चा रस्ता उजव्या हाताला दिसत असेल, तर तो कोणतीही खूण न करता तिकडे वळेल असेही धरावे.

ट्रकचालक पुष्कळदा हात दाखवून किंवा इंडिकेटर देऊन साइड देतात. त्यामागचा भाव चांगला असतो, पण उजव्या इंडिकेटरचा अर्थ कोणी ‘समोरून गाडी येते आहे, थांबा’ असा करतो, तर कोणी खरोखरच उजवीकडे वळणार असतो. शिवाय त्याने पाहिलेली मोकळी जागा त्याच्या अंदाजाची असते, आपल्या पिकअपची नसते. पुढची कार ओव्हरटेकला निघाली म्हणून तिच्या मागोमाग निघणे हाही तसाच धोका आहे, कारण ती आत शिरल्यावर आपल्यासाठी जागा उरेलच असे नाही.

ट्रकच्या बाजूने जात असताना वारा अडतो, आणि केबिनच्या पुढे निघताच तो एकदम अंगावर येतो. जेमतेम ११० किलोची गाडी तेव्हा हलते, म्हणून हँडल घट्ट न आवळता दोन्ही गुडघ्यांनी टाकी धरावी. केबिन ओलांडण्याआधी शंका आली, तर मागे येण्याची तयारी हवी. आपण सोडलेल्या जागेत मागून कोणी घुसलेले नाही, हे निघतानाच पाहिलेले असावे. डाव्या आरशात ट्रकचा पूर्ण दर्शनी भाग दिसल्याशिवाय डावीकडे येऊ नये आणि आल्यावर लगेच ब्रेक लावू नये.

वळण, चढाचा माथा, पूल, चौक आणि सलग रेषा या ठिकाणी ओव्हरटेक करूच नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये नियमबाह्य ओव्हरटेकचा समावेश धोकादायक वाहनचालनात झाला आहे. कुंभार्लीसारख्या घाटात भरलेला ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असतो आणि आपला संयम सुटतो. तिथे दुसऱ्या गिअरमध्ये, मागे अंतर ठेवून, सरळ टप्प्याची वाट पाहावी. थांबलेल्या एसटीला ओलांडताना तिच्या पुढून कोणीतरी रस्ता ओलांडणार आहे असे धरून वेग चालण्याइतका कमी करावा.

रात्री शक्यतो ओव्हरटेक टाळावा. समोरून येणारा एकच दिवा दूरवर दिसला, तर ती मोटारसायकल आहे असे मानून जागेचा हिशेब करू नये. एक दिवा गेलेला ट्रक किंवा ट्रॅक्टरही तसाच दिसतो, आणि चालू असलेला दिवा त्याच्या डाव्या बाजूचा असेल, तर उरलेले अंग अंधारात आपल्याच बाजूला असते.