दुधाच्या उलट्या, औषध आणि ती छोटी बाटली
लेक दोन महिन्यांची असताना दूध सतत उलटायचं, वजनही वाढेना. डॉक्टरांनी डॉम्पेरिडोन सिरप दिलं. पहिली बाटली संपली, दुसरी आणली ती मात्र एवढीशी, ड्रॉपरवाली. नाव तेच! सासूबाईंनी भरायला घेतलं, तेवढ्यात मी लेबल वाचलं. सिरपमध्ये एका मिलीत 1 मिग्रॅ, या थेंबांत एका मिलीत 10 मिग्रॅ. नेहमीच्या मापाने दिलं असतं तर दसपट डोस गेला असता. हात थरथरत होते. लगेच डॉक्टरांना फोन केला आणि बाटली बदलून आणली. आता चिठ्ठीवर मिग्रॅ आणि मिली दोन्ही लिहून घेते.

चमचा तर बादच केला. सुई नसलेली 1 मिलीची सिरिंज घेते, बाळाला मांडीवर जरा उभट धरते आणि गालाच्या आतल्या बाजूला थेंब थेंब सोडते. घशात थेट सोडलं की ठसका लागतो. गिळलं की पुढचा थेंब. दुधाच्या बाटलीत औषध कालवत नाही. दूध उरलं तर डोस किती गेला ते कळणार कसं? औषध ओकलं तरी मनाने पुन्हा देत नाही, आधी डॉक्टरांना विचारते. दिलेली वेळ फ्रिजवरच्या कागदावर लिहितो, कारण एकदा आम्ही दोघंही द्यायला निघालो होतो.