मृगाआधी चेनसॉ काढताय? आधी तेलाचं बघा

आंब्याची तोड उरकत आली की कोकणात दुसऱ्या कामाची घाई सुरू होते. घराच्या कौलांवर आणि विजेच्या तारांवर झुकलेल्या फांद्या उतरवायच्या, वठलेले काजू काढायचे, पावसाळ्यापुरती लाकडं फोडून पडवीत रचायची. ७-८ जूनला मृग लागायच्या आत हे सगळं आटपायला हवं. मग वर्षभर कोपऱ्यात पडलेली चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, बाहेर येते, पेट्रोल भरलं जातं आणि तेलाच्या टाकीत हाताला लागेल ते ओतलं जातं. मशीनचं आयुष्य कमी होतं ते बहुतेक वेळा इथेच.

चेनसॉला दोन वेगळी तेलं लागतात. एक पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल, दुसरं चेनसाठी वेगळ्या टाकीत भरायचं. पहिल्याबद्दल बहुतेकांना माहिती असते. घोटाळा होतो तो दुसऱ्यात.

चेन पट्टीच्या, म्हणजे ती जिच्याभोवती फिरते त्या लांब पोलादी पात्याच्या, खाचेतून सेकंदाला २० मीटरच्या आसपास वेगानं पळते, म्हणजे ताशी सत्तरेक किलोमीटर. पंप थेंबाथेंबानं तेल सोडत राहतो, चेन ते ओढून पट्टीच्या टोकापर्यंत नेते आणि भुशासोबत बाहेर फेकते. मोटारसायकलच्या इंजिनात तेच तेल पुन्हा पुन्हा फिरतं, इथे एकदा गेलेलं तेल परत येत नाही. म्हणूनच लोक हिशेब करतात: फेकायचंच आहे, तर ट्रॅक्टरचं काढलेलं काळं तेल काय वाईट?

मीही हा हिशेब केला होता. एका मे महिन्यात दोन दिवस काळ्या तेलावर मशीन चालवली. तिसऱ्या दिवशी सुरूचं खोड कापताना पट्टीतून धूर निघायला लागला. उघडून बघतो तर तेलाच्या जाळीवर काळा गाळ बसलेला, पंप कोरडा आणि पट्टीची कड जळून निळी पडलेली. नवी पट्टी, नवी चेन आणि पंपाची दुरुस्ती, एवढ्या पैशांत चांगलं चेन ऑइल दोन हंगाम पुरलं असतं.

काळ्या तेलात लोखंडाचा बारीक कीस आणि काजळी असते. हे दोन्ही पट्टी आणि चेन घासतात, पंपाची बारीक वाट बुजवतात. शिवाय ते हातावर, कपड्यांवर उडत राहतं आणि वापरलेलं इंजिन तेल सतत अंगाला लागणं कातडीला घातक आहे. उरलेलं सगळं तुमच्याच कलमांच्या बुंध्यात झिरपतं. मशीन दिवसभर चालली तर लिटरभर तेल सहज जातं, तेव्हा विहिरीजवळ किंवा सेंद्रिय प्रमाणपत्र घेतलेल्या बागेत तर हा विचारही नको.

चेन ऑइल म्हणून जे मिळतं त्यात चिकटपणा वाढवणारा घटक असतो. दोन बोटांत घेऊन बोटं लांब केली की पाकासारखी तार येते. हीच त्याची खरी ओळख. या चिकटपणामुळे पट्टीच्या टोकाला वळण घेताना तेल लगेच उडून जात नाही.

गावात चेन ऑइल मिळालंच नाही तर? नवं, सीलबंद एसएई ३० इंजिन ऑइल तात्पुरतं चालतं (एसएईचा आकडा मोठा, तितकं तेल घट्ट). मे महिन्यातल्या उन्हात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या ४४-४५ अंशांत, ते फार पातळ होतं, तेव्हा एसएई ४० बरं. काही कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत ईपी ९० गिअर ऑइलही चालतं असं लिहिलेलं असतं. पण या कुठल्याच तेलात तार येत नाही, त्यामुळे ते जास्त उडतं आणि टाकी लवकर संपते. आंबोली-महाबळेश्वरच्या थंडीत मात्र घट्ट तेल पंपाला ओढवत नाही, तिथे डिसेंबर-जानेवारीत पातळच घ्या.

स्वयंपाकघरातलं तेल वापरू का, असं बरेच जण विचारतात. युरोपात मोहरीच्या जातीच्या तेलापासून केलेलं चेन ऑइल जंगलकामात वापरतात, पण त्यात टिकण्यासाठी वेगळे घटक घातलेले असतात. आपलं सोयाबीन, सूर्यफूल टाकीत राहिलं की हवेनं चिकट होतं, चेन पट्टीला धरून बसते. जवसाचं तेल तर वाळून रंगासारखं कडक होतं, ते कधीच नको. खोबरेल २४ अंशांखाली गोठतं. अगदीच अडलं आणि खाद्यतेल घातलं, तर काम संपताच टाकी रिकामी करून चेन ऑइलवर मशीन थोडा वेळ फिरवा.

तेल पोहोचतंय का हे बघायला एक मिनिट पुरतं. पुठ्ठ्यापासून किंवा ताज्या कापलेल्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर पट्टीचं टोक धरा, टेकवू नका, आणि मशीन मध्यम वेगानं चालवा. थोड्याच वेळात तेलाची फिकट रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर पट्टी काढा, तिचं तेलाचं भोक आणि खाच तारेनं साफ करा. काजूचा चीक आणि भुसा मिळून तिथे अगदी सिमेंट होतो. पट्टी परत बसवताना उलटी बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. पेट्रोलची टाकी संपेपर्यंत तेलाची टाकीही बरीच रिकामी व्हायला हवी. ती भरलेलीच दिसली तर खूश होऊ नका, पंप बंद आहे. पेट्रोल भरलं की तेलही भरायचं, हा नेम ठेवा. सुरू, बाभूळ किंवा वाळलेला माड कापायचा असेल आणि मशीनला तेल कमी-जास्त करायचा स्क्रू असेल तर तो थोडा वाढवा.

आता पेट्रोलमधल्या तेलाचं. चांगल्या प्रतीचं टू-टी, डब्यावर जासो एफडी (JASO FD, तेलाच्या प्रतीची खूण) लिहिलेलं, बहुतेक मशीनना १:५० चालतं, म्हणजे लिटरला २० मिली. साध्या टू-टीला १:२५, लिटरला ४० मिली. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत वेगळं असेल तर तेच पाळा. बंदराजवळच्या गावांत होडीच्या इंजिनाचं टू-टी सहज मिळतं, पण ते पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. चेनसॉ हवेवर थंड होते, जास्त तापते, तिला ते पुरत नाही. मोटारसायकलचं फोर-टी (फोर-स्ट्रोक इंजिनाचं तेल) पेट्रोलमध्ये घालू नका, प्लगवर राख धरते. प्रमाणापेक्षा जास्त घातलं तर धूर आणि काजळी, कमी घातलं तर पिस्टन जाम.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. मिश्रण दोन-चार दिवसांपुरतंच करा.

(आंबा, फणस, साग, खैर, जांभूळ यांच्यासारखी झाडं तोडायची असतील तर १९६४च्या वृक्षतोड कायद्यानुसार आधी परवानगी लागते. ती काढून ठेवा, मशीन नंतर.)

पाऊस सुरू झाला की मशीन ठेवायची ती अशी: पेट्रोल काढून टाका, उरलेलं संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा. चेन आणि पट्टी उतरवून भुसा झाडा, दोन्हीला चेन ऑइल चोळून जुन्या कापडात गुंडाळा. मशीनखाली पुठ्ठा घाला, कारण टाकीतलं तेल थोडं पाझरतंच. ती चुलीपासून लांब माळ्यावर ठेवा, जमिनीची ओल लागू देऊ नका.