ट्रेलरचा एअर ब्रेक: काट्यावर विसंबण्याची चूक टाळा

केबिनमधला काटा ८ बार दाखवतोय, म्हणजे ब्रेक ठीक, ही समजूत घाटात जिवावर बेतते. तो काटा पुढच्या घोड्याच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या, टाकीतली हवा सांगतो. मागच्या चाकात लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला किती जोरात टेकतोय, हे चाकापाशी वाकूनच पाहावं लागतं.

घोड्याकडून मागे दोन पाइप जातात. लाल पाइप ट्रेलरची टाकी भरतो. पिवळा नुसता इशारा देतो: पेडल दाबलं की त्यातल्या हवेने ट्रेलरवरचा रिले व्हॉल्व्ह (झडप) उघडतो आणि टाकीतली हवा चेंबरमध्ये, म्हणजे दांडा ढकलून ब्रेक लावणाऱ्या चाकाजवळच्या डब्यात, जाते. लाल पाइप तुटला की ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. पिवळा तुटलेला मात्र पेडल दाबेपर्यंत कळत नाही. म्हणून पाइप जोडल्यावर एकाला पेडल दाबायला सांगून मागच्या चाकाजवळ उभे राहा. पाइपांची अदलाबदल झाली तर ट्रेलरची टाकी भरतच नाही, आणि स्प्रिंग ब्रेक (हवा नसली की स्प्रिंगच्या जोराने लागणारा ब्रेक) नसलेला जुना ट्रेलर बिनब्रेकचा निघतो!

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते स्लॅक ॲडजस्टरकडे, म्हणजे चेंबरच्या दांड्याला जोडलेल्या, लायनर आणि ड्रममधलं अंतर राखणाऱ्या भागाकडे. लायनर झिजतो, तापलेला ड्रम फुगतो आणि चेंबरच्या दांड्याला जास्त बाहेर यावं लागतं. दांड्याची हद्द संपली की पेडल कितीही दाबा, जोर वाढत नाही. सपाट जागेवर चाकांना ठोकळे लावा, टाक्या भरा, पार्किंग ब्रेक सोडा, इंजिन बंद करा. चेंबरच्या तोंडाशी दांड्यावर खडूची रेघ ओढा. साधारण ६ बारवर पेडल दाबून धरायला लावा आणि रेघ किती सरकली ते पट्टीने मोजा. ३० नंबरच्या साध्या चेंबरला ५० मिमीपेक्षा जास्त भरली तर ॲडजस्ट करायलाच हवं. हाताच्या ॲडजस्टरमध्ये लायनर ड्रमला टेकेपर्यंत आवळा, मग पाव ते अर्धा फेरा मागे घ्या, पुन्हा मोजा. ऑटो ॲडजस्टर मात्र वारंवार पाना लावून आवळू नका; बुश झिजलाय, एस-कॅम (लायनर ड्रमवर दाबणारा एस आकाराचा भाग) अडकतोय की ॲडजस्टरच खराब आहे, ते शोधा.

पेडल दाबल्यावरच चेंबरपाशी हवा फुसफुसली तर आतला डायफ्रॅम (रबरी पडदा) फाटलाय. पाइप जोडायच्या कपलिंगपाशी फुसफुसली तर बहुतेक वेळा आतलं रबर बदलायचं असतं.

टाकीतलं पाणी रोज काढा. पाण्याबरोबर तेल भरपूर येत असेल तर हवा भरणारा कॉम्प्रेसर तपासा.

कसारा किंवा खंबाटकी उतरताना उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. फक्त ट्रेलरचा हातब्रेक ओढून उतरू नका. सगळा भार मागच्या लायनरांवर येतो आणि ते जळतात.

स्प्रिंग चेंबरचा क्लॅम्प स्वतः कधीही उघडू नका. आतली दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जागीच मरू शकतो.