बेळगाव ते लंडन किती तास लागतात? हिशोब घरीच असा करा

आमच्या शहापुरातल्या शेजारच्या काकूंना जूनमधलं मुंबई-लंडन तिकीट लेकानं पाठवलं, दुपारी १:१५ ला सुटणार संध्याकाळी ६:३० ला पोचणार. काकू म्हणाल्या, सव्वापाच तासात लंडन? आमची बेंगळूरची बस दहा तास घेतेय की रे!

तर पहिली गोष्ट, तिकिटावर टाइम त्या त्या गावचा असतोय. उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं, म्हणजे सव्वापाच अधिक साडेचार, पावणेदहा तास झाले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेपाच तासांचा धरायचा. येताना उलटं, फरक वजा करायचा.

अंतर बघायचं तर कॉम्प्युटरवर गूगल मॅप उघडा, बेळगाववर राइट क्लिक, 'अंतर मोजा', मग लंडनवर क्लिक. साधारण ७६०० किमी येतं. रेष वाकडी दिसली तर घाबरू नका, पृथ्वी गोल आहे, पोरांच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा म्हणजे कळतंय.

आता माझा आवडता भाग. सांबरा, म्हणजे बेळगावचा विमानतळ, ते मुंबई ४०० किमी, तिथून लंडन ७२००, म्हणजे मुंबई जवळजवळ सरळ वाटेवरच पडते. बेंगळूरवरनं गेलात तर आधी ४४५ किमी उलट्या दिशेला आणि पुढं ८०५०, असे सगळे मिळून नऊशेभर किमी जादा, म्हणजे विमानात तासभर जास्त. तरी मुंबईत आठ तास बसायचं असेल आणि बेंगळूरला तीनच, तर मी बेंगळूरच घेईन, किमी बघून काय करायचंय.

तास काढायचे तर किमीला ८५० नं भागा आणि टेकऑफ-लँडिंग, रनवेपर्यंत जाणं वगैरेसाठी अर्धा तास घाला. मुंबई-लंडन तसं नऊ तास येतं, पण वर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरात वारं वाहतंय, त्यामुळं जाताना आणखी अर्धा-पाऊण तास लागतो आणि येताना तेवढाच वाचतो. एखाद्या देशानं आकाश बंद केलं तर विमान वळसा घालून जातं, २०२५ च्या एप्रिलपासून पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना बंद केलं तेव्हा हेच झालं, मग हा हिशोब तोकडा पडतो.

दोन्ही तिकिटं वेगळी काढली असतील तर मुंबईत बॅग उचलून परत चेक-इन करावं लागतंय, टर्मिनलही बदलायला लागू शकतं, म्हणून मध्ये पाच तास तरी ठेवा. काकूंचा हिशोब मग असा झाला: सांबऱ्याला दोन तास आधी, मुंबईपर्यंत सव्वा तास, तिथं पाच, पुढं पावणेदहा, आणि उतरल्यावर इमिग्रेशनला दीड. साडेएकोणीस. काकू ऐकून गप्प झाल्या, मग म्हणाल्या, एवढ्या वेळात आपल्या बेळगावचा कुंदा, ती खव्याची मिठाई, खराब नाही ना होणार?