मोडलेले ग्रॅफाइट पॅडल पुन्हा कामाला लावताना

काचेचे मणी घडवायचे ग्रॅफाइट पॅडल लादीवर पडले की बहुधा दोनपैकी एक होते: कोपऱ्याचा टवका उडतो, नाहीतर मुठीची सळई जिथे पाटीत शिरते तिथून पाटी चिरते. दुरुस्ती कोणतीही असो, तापलेली काच जिथे टेकते त्या पृष्ठभागावर सांधा किंवा भराव येऊ द्यायचा नाही. काच स्वच्छ ग्रॅफाइटला सहसा चिकटत नाही, पण भरावाला चिकटते, आणि सांध्याची रेघ प्रत्येक मण्यावर उमटते.

आधी लपलेले तडे शोधा. पाटी दोन बोटांत सैल धरून लाकडी काडीने टिचकी मारा. अखंड पाटी खणखणते, तडा गेलेली फुटक्या मडक्यासारखी बद्द वाजते. शंका राहिली तर ज्योतीपासून लांब जाऊन स्पिरिट पुसा; पृष्ठभाग लगेच सुकतो, तड्यात मात्र ओली रेघ थोडा वेळ टिकते.

टवका मिलिमीटरभर खोल असेल तर घासून निघतो. जाड, सपाट काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर पसरा आणि पाटी त्यावर आठाच्या आकारात फिरवा. आधी 220 नंबरचा पेपर, मग 400, शेवटी 600. पेपर हातात धरून घासू नका, कडा जास्त झिजतात आणि पाटीला पोट येते. पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहिले की फट कळते. शेवटी सगळ्या कडा अर्धा ते एक मिलिमीटर गोल करा. धारदार कडेचाच टवका पुन्हा उडतो.

त्याहून मोठा तुकडा गेला असेल तर भरत बसू नका, पाटी कापून लहान करा. ग्रॅफाइट हॅकसॉने सहज कापते, बारीक दात्यांचे पाते लावा. शेवटचे 3 मिमी उलट्या बाजूने कापा, नाहीतर सुटता सुटता कड तुटते. लहान पॅडल बारीक मण्यांना उलट जास्त सोयीचे पडते.

मणी खाचेत फिरवून आकार द्यायच्या, खाचांच्या ग्रॅफाइट रोलरला सपाट काचेचा उपयोग नाही. खाचेपेक्षा किंचित बारीक गोल दांड्यावर पेपर गुंडाळून लांबीच्या दिशेने घासा. मणी ज्या सळईवर गुंडाळलेला असतो ती टेकायची खोबण तुटली असेल तर मणी एकाकडे झुकतो. अशा वेळी दोन्ही टोके सारखीच कापून खोबणी नव्याने घासाव्या लागतात.

मुठीचे काम जरा नाजूक. 6 मिमीच्या स्क्रूचे आटे गेले म्हणून त्याच भोकात 8 मिमीचा टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवायचा मोह होतो, पण पाटी 12 मिमी जाड असेल तर दोन्ही अंगांना जेमतेम 2 मिमी भिंत उरते आणि पुढच्या धक्क्याला तीच फुटते. त्यापेक्षा समोरच्या कडेला नवे भोक घ्या: 6 मिमीच्या टॅपसाठी 5 मिमी ड्रिल, कोरडे, कमी वेगात, भुकटी सारखी बाहेर काढत. आट्यांची खोली निदान 12 मिमी ठेवा. सळई हाताने बसेल इतकीच आवळा. पोलाद तापल्यावर ग्रॅफाइटच्या दीडपट ते तिप्पट फुगते, म्हणून ठासून बसवलेली सळई पाटी आतून फोडते.

चिकटवायचेच असेल तर ते फक्त मुठीकडच्या, काच न लागणाऱ्या भागात. साधा सुपरग्लू उष्णतेने सुटतो. सोडियम सिलिकेटमध्ये ग्रॅफाइटची भुकटी कालवून घट्ट लेप करा, पातळ थर लावून दाबून बांधा आणि 24 तास सुकू द्या. मग 90 अंशांवर दोन तास, पुढे हळूहळू 150 पर्यंत. घाईने तापवला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन लेप पुरीसारखा फुगतो आणि जोड जातो. हा जोड नंतर पाण्यात बुडवू नका.

भुकटीकडे दुर्लक्ष नको. ती नाकात जाते म्हणून मास्क लावाच, पण ती वीजवाहकही असते. ड्रिलच्या मोटरीत किंवा भट्टीच्या कंट्रोलरमध्ये शिरली तर शॉर्ट होऊ शकतो. शक्य तिथे ओलेच घासा.

मात्र ओले घासलेले ग्रॅफाइट पाणी पिते. वापरण्याआधी 110 ते 120 अंशांवर दोन तास वाळवा, नाहीतर तापलेली काच टेकताच वाफ उसळते. मग ज्योतीत किंचित ऊब देऊन भंगार काचेचा एक गोळा त्यावर फिरवा. काचेवर राखाडी डाग आले तर भुकटी उरली आहे, सुती कापडाने पुन्हा पुसा. रेघा आल्या तर 600 चा पेपर परत काढा.